सत्तरीतला सुजलेला गुडघा: युरिक ॲसिडच्या आधी पाणी काढा

वयस्क रुग्णाचा गुडघा किंवा मनगट एका रात्रीत सुजलं की दवाखान्यातून पहिली चिठ्ठी निघते ती युरिक ॲसिडची. त्या एका आकड्यावर निदान टांगू नका. गाऊटचा (युरिक ॲसिडचे, म्हणजे युरेटचे स्फटिक सांध्यात साचून होणारा) झटका चालू असताना तो नॉर्मल येऊ शकतो. झटका ओसरून दोनेक आठवडे झाले की पुन्हा मोजा. उलट थायझाइड (लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी) किंवा कमी डोसची ॲस्पिरिन चालू असलेल्यांत तो वाढलेला असूनही दुखणं स्यूडोगाऊटचं, म्हणजे कॅल्शियम पायरोफॉस्फेटच्या स्फटिकांचं, निघतं. या वयात गुडघा-मनगट धरलं तर संशय आधी त्याचाच घ्यावा.

निकाल लागतो सांध्यातल्या पाण्यावर. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असलं तरी आयएनआर (रक्त किती पातळ आहे तो आकडा) हद्दीत असेल तर सुई टाकायला सहसा हरकत नसते. वरच्या कातडीला इन्फेक्शन असेल तर मात्र तिथून टाकू नका. पांढऱ्या पेशी मोजायला ईडीटीएची (गोठू न देणारं रसायन असलेली) नळी, कल्चरला (जंतू वाढवून पाहायला) निर्जंतुक बाटली, स्फटिकांसाठी साधी नळी. लिथियम हेपरिनची (तेही गोठू न देणारं रसायन) नळी नकोच, त्याचेच स्फटिक दिसून फसगत होते. पाणी थेंबभरच निघालं तर कल्चर आणि स्फटिक, बाकी राहू द्या.

मुंबई परिसरात खरा घोळ पुढे होतो. डोंबिवलीच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी दिलेली नळी मुख्य लॅबमध्ये पोचेपर्यंत संध्याकाळ उजाडते. तपासणी सहा तासांत व्हायला हवी. उशिराने पेशी फुटतात, पायरोफॉस्फेटचे स्फटिक विरघळत जातात. वेळ लागणारच असेल तर पेशी-स्फटिकांचा नमुना ४ अंश सेल्सियसवर ठेवा. लॅबमध्ये पोलराइज्ड मायक्रोस्कोप (एकाच दिशेच्या प्रकाशात पाहणारा) आणि रेड कॉम्पेन्सेटर (स्फटिकांचे रंग ओळखू देणारी त्याची पट्टी) आहे का, हे सुई टाकण्याआधी फोन करून विचारा.

युरेटचे स्फटिक सुईसारखे, लखलखीत. कॉम्पेन्सेटरच्या अक्षाला समांतर असले की पिवळे दिसतात. पायरोफॉस्फेटचे आखूड, तिरप्या चौकोनासारखे, मंद. समांतर असताना निळे. पायरोफॉस्फेटचे बरेचसे चमकतच नाहीत, म्हणून साध्या उजेडातही स्लाइड नीट पाहायला सांगा.

स्फटिक सापडले म्हणजे इन्फेक्शन नाही, असं मुळीच नाही. दोन्ही एकत्र असतात. पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला ५०,०००च्या वर असतील तर कल्चर येईपर्यंत सांध्यात स्टेरॉइड देऊ नका. एकच सांधा आठवडेच्या आठवडे रेंगाळला तर टीबीसाठी जीनएक्सपर्ट (जंतूंची जनुकं शोधणारी चाचणी) पाठवा.

एक्स-रे दोन्ही गुडघ्यांचा आणि दोन्ही मनगटांचा काढा. कूर्चेत चुन्यासारखी रेघ दिसली तर स्यूडोगाऊटला बळ मिळतं, पण ती नसली म्हणून तो बाद होत नाही. रुग्ण साठीच्या आतला असेल तर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पॅराथायरॉइड हार्मोन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. ताप आणि ताठ मान घेऊन आजी आल्या, मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) निघाला नाही, तर मानेच्या वरच्या मणक्यांचा सीटी करा. स्फटिक तिथेही साचतात.