एमुलेशन आणि व्हर्च्युअल पिनबॉलसाठी पीसी निवडताना या चुका टाळा

१६ थ्रेडचा (एकाच वेळी १६ कामं चालवू शकणारा) प्रोसेसर, टास्क मॅनेजरमध्ये वापर जेमतेम ८ टक्के, आणि तरी गेम अडखळतो, आवाज तुटतो. मग आपण सोयीचा निष्कर्ष काढतो: प्रोसेसर तर निवांत बसलाय, म्हणजे दोष ग्राफिक्स कार्डाचा. नवं कार्ड येतं. गेम तसाच अडखळतो.

उत्तर त्या ८ टक्क्यांतच होतं. १६ पैकी एकच थ्रेड पुरता पिळून निघाला, तर एकूण आकडा सव्वासहा टक्क्यांच्या आसपास दिसतो. बाकीचे पंधरा मजा बघत असतात. टास्क मॅनेजरमध्ये प्रत्येक थ्रेडचा आलेख वेगळा पाहता येतो, पण विंडोज काम एका कोरवरून (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागावरून) दुसऱ्यावर हलवत राहतं, त्यामुळे तिथेही एक रेघ छताला टेकलेली दिसेलच असं नाही. त्यापेक्षा एमुलेटरलाच, म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेऊन त्याचे गेम चालवणाऱ्या प्रोग्रामलाच विचारा. मेम (MAME) या आर्केड गेमच्या एमुलेटरमध्ये एफ११ दाबलं की गेमचा वेग टक्क्यांत दिसतो. तो १०० च्या खाली घसरत असेल तर बहुतेक वेळा प्रोसेसरचा एका थ्रेडवरचा वेग कमी पडतोय.

आर्केडच्या बोर्डावर दोन-तीन प्रोसेसर, आवाजाची चिप, व्हिडिओची चिप अशी मंडळी असतात आणि ती सतत एकमेकांशी बोलत असतात. ही कामं वेगवेगळ्या कोरवर वाटली तर त्यांचा ताळमेळ राखण्यातच वेळ जातो. म्हणून मेमचं बरंचसं काम एकाच थ्रेडवर चालतं. मी स्वतः एकदा सर्व्हरमधून निघालेला, ढीगभर कोरचा पण मंद क्लॉकचा प्रोसेसर हौसेने आणला होता. जुने टूडी गेम छान चालले, थ्रीडी आर्केड गेम लावला की गाडी चिखलात रुतायची. डॉल्फिन (गेमक्यूब आणि वी यांचा एमुलेटर) आणि पीसीएसएक्स२ (प्लेस्टेशन २ चा) यांनाही मोजके पण वेगवान कोरच हवे असतात. ठळक अपवाद आरपीसीएस३ या प्लेस्टेशन ३ च्या एमुलेटरचा. प्लेस्टेशन ३ च्या सेल प्रोसेसरमधले सहा एसपीयू (छोटे सहायक प्रोसेसर) गेमच्या दिमतीला असायचे. त्यांची कामं वाटून घ्यायला इथे जास्त कोर खरोखर उपयोगी पडतात.

ग्राफिक्स कार्ड बिनकामाचं असतं असं नाही. डॉल्फिन किंवा पीसीएसएक्स२मध्ये इंटर्नल रिझोल्यूशन (गेम आतून किती पिक्सेलमध्ये रंगवायचा ते) दोन्ही बाजूंनी तिप्पट केलंत तर नऊपट पिक्सेल रंगवावे लागतात, आणि तो भार कार्डावर पडतो. म्हणूनच खरेदीआधी एक फुकटची चाचणी करा. इंटर्नल रिझोल्यूशन मूळ पातळीवर आणा. गेम सुरळीत झाला तर कार्ड कमी पडत होतं. काहीच फरक पडला नाही तर कार्डावर पैसे घालू नका. कार्ड वेगळं नसेल, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागवत असाल, तर रॅमची एकच पट्टी लावणं ही महागात पडणारी काटकसर. सारख्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की ग्राफिक्सला मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद मिळतो.

पिनबॉलचं गणित उलटं

व्हर्च्युअल पिनबॉलमध्ये, म्हणजे पिनबॉलचं यंत्र पडद्यांवर उभं करण्यात, मूळ मशीनचा मेंदू चालवणं सोपं काम आहे. १९९० च्या दशकातल्या विल्यम्सच्या डब्ल्यूपीसी बोर्डावर २ मेगाहर्ट्झचा ६८०९ प्रोसेसर होता. व्हीपिनमेम हा पिनबॉल मशीनचा एमुलेटर तो सहज चालवतो. टेबल पडद्यावर उभं करणारा व्हिज्युअल पिनबॉल हा प्रोग्राम चेंडूच्या हालचालीचं गणित मिलिसेकंदाच्या टप्प्यांनी करतो, त्यामुळे प्रोसेसर अगदीच मरगळलेला चालत नाही. पण खरा भार असतो टेबल रंगवण्याचा. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात, फुल एचडीच्या चौपट. मेमवर झकास चालणारं मशीन इथे गुडघे टेकतं ते यामुळे.

तेव्हा कार्डाचा पैसा प्लेफिल्डसाठी, म्हणजे चेंडू पळतो त्या मुख्य पडद्यासाठी ठेवा. बॅकग्लासला (मागच्या उभ्या चित्राच्या पडद्याला) फुल एचडी पुरतं. गुण दाखवणारा डॉट मॅट्रिक्स डिस्प्ले तर मुळात १२८ बाय ३२ ठिपक्यांचा, त्यासाठी भारी पडदा घेणं म्हणजे निव्वळ हौस. कार्डाला तीन पडद्यांसाठी पुरेसे पोर्ट आहेत ना, हे मात्र आधी मोजा.

पडदा टीव्हीचा असेल तर दोन गोष्टी हमखास नडतात. पहिली केबल. एचडीएमआय १.४ वर फोर-के फक्त ३० हर्ट्झपर्यंत (सेकंदाला ३० चित्रं) मिळतं, ६० साठी २.० लागतं आणि १२० साठी २.१ किंवा डिस्प्लेपोर्ट १.४. चेंडू धक्के खात पळत असेल तर कार्डाला शिव्या देण्याआधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झचा आकडा बघा. केबल मदरबोर्डच्या पोर्टात तर नाही ना, तेही बघा. हसू नका, जाणते लोकही इथे फसतात. दुसरी गोष्ट टीव्हीची प्रतिमा 'सुधारण्याची' खोड. ती प्रक्रिया चालू राहिली तर बटण दाबल्यावर फ्लिपर (चेंडू मारणारी पट्टी) उशिरा उठतो आणि खेळणाऱ्याला वाटतं आपला हातच बसला नाही. गेम मोड चालू करा, मोशन स्मूदिंग बंद करा.

टीएन या प्रकारच्या एलसीडी पॅनेलचा मॉनिटर उभा करून वापरू नका. या पॅनेलची वरून-खालून बघण्याची कमजोर बाजू उभं केल्यावर डावी-उजवी होते, आणि दोन डोळ्यांना दोन वेगळ्या छटा दिसतात. आयपीएस प्रकारचं पॅनेल घ्या.

खऱ्या सोलेनॉइडचा (वीज मिळताच दांडा ढकलणाऱ्या कॉइलचा) ठोका हवा असणाऱ्यांनी दोन नियम पाळावेत. कॉइलची वीज वेगळ्या पॉवर सप्लायवरून घ्या, यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरचा, तो कॉइल कसा ओढणार? आणि प्रत्येक कॉइलवर डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा, पट्ट्याची बाजू धन टोकाकडे. कॉइल बंद होताना उलट दाबाचा झटका येतो. फ्लिपर मारला की कॉइल चालवणारा यूएसबी बोर्ड मध्येच गायब होत असेल, तर पहिला संशय या झटक्यावर घ्या.

हार्डवेअर ठीक, तरी झटके

सगळे आर्केड गेम ६० हर्ट्झचे नसतात. 'मॉर्टल कॉम्बॅट' ५४.७ वर चालतो, 'आर-टाइप' ५५ वर, 'पॅक-मॅन' ६०.६ वर. ६० हर्ट्झच्या पडद्यावर पहिल्या दोघांच्या काही फ्रेम दोनदा दिसतात आणि स्क्रोल होणारं दृश्य अडखळतं. कितीही महागडा प्रोसेसर आणा, हे जाणार नाही. मेमला पडद्याच्या तालावर जबरदस्तीने बांधलं तर 'मॉर्टल कॉम्बॅट' जवळपास १० टक्के जलद पळतो, जो आणखी वाईट. खरा इलाज म्हणजे फ्रीसिंक किंवा जी-सिंकसारखा बदलत्या रिफ्रेश रेटचा मॉनिटर. हौशी एमुलेशनसाठी मी कार्डाची एक पायरी खाली उतरेन, पण हा मॉनिटर सोडणार नाही.

लॅपटॉपवर पहिली दहा मिनिटं गेम मस्त आणि मग मंद, असं होत असेल तर प्रोसेसर तापून वेग कमी करतोय. याउलट पहिली दहा मिनिटं झटके आणि नंतर सुरळीत, असं असेल तर एमुलेटर शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) तयार करत होता. तोच प्रसंग दुसऱ्यांदा खेळून पाहा. झटके त्याच जागी आले नाहीत, तर खरेदीची यादी बाजूला ठेवा.