घरच्या कार्यशाळेत धातूचे विमान: सुरुवात शेपटापासून

घरी विमान बांधायला घेताना पंख किंवा इंजिन आधी हाती घेण्याचा मोह होतो. पण ॲल्युमिनियमच्या विमानाची सुरुवात शेपटाच्या आडव्या आणि उभ्या पृष्ठभागांपासून करावी, हेच शहाणपणाचे. हे भाग लहान असतात, थोड्या जागेत मावतात आणि बिघडले तर नव्याने करणे परवडते. शिवाय पुढे पंखांत आणि सांगाड्यात लागणारी जवळजवळ सगळी कौशल्ये येथेच हाताला बसतात. इंजिनाची खरेदी मात्र शक्य तितकी लांबवावी, कारण वर्षानुवर्षे न चालवता ठेवलेल्या इंजिनाला आतून गंज चढतो.

आधी नियमांचे पाहावे. अमेरिकेत हौशी बांधणीच्या वर्गात नोंदणी हवी असेल, तर बांधकामाचा मोठा भाग हौशी व्यक्तीनेच शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेला असावा लागतो. इतर देशांचे नियम वेगळे आहेत. त्यामुळे पहिले भोक पाडण्यापूर्वीच आपल्या देशाच्या विमान वाहतूक प्राधिकरणाशी बोलून घ्यावे आणि प्रत्येक टप्प्याची तारखेसह नोंद व छायाचित्रे ठेवावीत.

विमानाच्या पत्र्यासाठी सर्रास वापरला जाणारा २०२४-टी३ हा मिश्रधातू तांब्यामुळे मजबूत असतो, पण त्याच तांब्यामुळे तो गंजाला लवकर बळी पडतो. म्हणून अनेकदा त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. तो ओरखड्यांपासून जपावा. आखणीसाठी साधी शिसपेन्सिल वापरू नये, कारण ग्रॅफाइटमुळे ॲल्युमिनियम गंजू शकते. बारीक टोकाचा मार्कर चांगला.

खरी कसोटी भोकांची आणि काठांची. ३.२ मिलिमीटर व्यासाच्या रिव्हेटसाठी (पत्रे जोडणाऱ्या, एका टोकाला डोके असलेल्या धातूच्या खिळीसाठी) भोक किंचित मोठे, म्हणजे सुमारे ३.२६ मिलिमीटर असते, आणि त्याचे केंद्र पत्र्याच्या काठापासून व्यासाच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे साधारण ६.४ मिलिमीटरवर, असावे. पत्रे क्लेकोने, म्हणजे भोकांत बसणाऱ्या तात्पुरत्या चिमट्याने, घट्ट धरून ड्रिल करावे, मग सुटे करून प्रत्येक भोकाची कड हलक्या हाताने साफ करावी. येथे उत्साह आवरावा लागतो, कारण जास्त घासले तर पातळ पत्र्यात भोकाची कड सुरीसारखी धारदार होते. काठही बोट फिरवल्यावर न खुपण्याइतका गुळगुळीत करावा. राहिलेल्या ओरखड्यातूनच पुढे तडा सुरू होतो. हे काम कंटाळवाणे आहे, आणि विमानबांधणीचे बहुतेक तास अशाच कामात जातात.

रिव्हेटची लांबी अशी निवडावी की पत्र्यांबाहेर व्यासाच्या दीडपट दांडी उरेल. ठोकल्यावर तयार होणारे डोके व्यासाच्या दीडपट रुंद आणि व्यासाच्या निम्मे उंच असावे. रिव्हेट ठोकणारी रिव्हेट गन आणि दांडीच्या टोकाशी धरायचा मागचा ठोकळा दोन्ही पृष्ठभागाशी काटकोनात धरले नाहीत, तर डोके एका बाजूला कलते. कललेले डोके काढायचे झाल्यास कारखान्यात घडलेल्या डोक्याच्या मधोमध, डोक्याच्या जाडीइतकेच, ड्रिल करून डोके उडवावे आणि पत्र्याला मागून आधार देत दांडी पंचने बाहेर ढकलावी. तरीही भोक लांबट होण्याची भीती राहतेच; म्हणून किरकोळ दोषाचे रिव्हेट जागेवर ठेवणे अनेकदा कमी धोक्याचे असते. मर्यादा कोठे, हे नकाशातल्या सूचनांवरून किंवा अनुभवी बांधकाऱ्याला दाखवून ठरवावे.

एलिव्हेटर, म्हणजे शेपटाच्या आडव्या पृष्ठभागाचा मागचा हलणारा भाग, शेवटचे रिव्हेट ठोकून बंद करण्यापूर्वी तो सपाट टेबलावर ठेवून पीळ तपासावा, कारण शेवटची रांग ठोकल्यावर पीळ काढता येत नाही. आतला प्रायमर, राहिलेला चुरा आणि सगळी रिव्हेट याच वेळी पाहून, शक्य असल्यास दुसऱ्या जाणकार डोळ्यांखालूनही घालावीत. एलिव्हेटरच्या पुढच्या भागात शिशाचे वजन बसवायचे असेल, तर ते नकाशात सांगितल्यापेक्षा किंचित जास्त ठेवून नंतर छाटावे. बिजागराच्या मागे चढलेल्या रंगाच्या वजनाने संतुलन ढळते, आणि ढळलेल्या संतुलनामुळे वेगात पृष्ठभाग फडफडून तुटू शकतो. म्हणून छाटणी रंगकाम झाल्यावरच करावी.