घाट उतरताना बाईकचा ब्रेक कसा मारायचा

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरा नाहीतर ताम्हिणीतून माणगावला, निघताना कोणीतरी सांगतंच, पुढचा ब्रेक धरू नको, उलटा पडशील. हे ऐकून अख्खा घाट मागच्या ब्रेकवर उतरणारे बघितले की डोकं फिरतं.

हवा, चेन, ब्रेक पॅड बघितलेत असं धरून चालतो. उतारावर गिअर दुसरा-तिसरा, क्लच पूर्ण सोडलेला. न्यूट्रलवर पेट्रोल वाचवणाऱ्यांना दंडवत, सगळा भार ब्रेकवर येतो, तो तापतो आणि नेमका खाली पोचता पोचता लागेनासा होतो.

आता खरी गोम. ब्रेक लावला की वजन पुढे जातं, उतारावर तर आणखीच, मागचं चाक हलकं होतं आणि पायाने दाबलं की लॉक होऊन घसरतं. म्हणजे गाडी थांबवतो तो पुढचाच. फक्त तो झटक्यात आवळायचा नाही. दोन बोटांनी आधी हलकेच दाबा, शॉकअप खाली बसलेला हाताला कळतो, मग जोर वाढवा, मागचा जोडीला थोडासा. हे सगळं गाडी सरळ असताना, वळणाच्या आधी. मलाही हे पटकन जमलं नव्हतं, बोटं आपोआप आवळली जायची, रिकाम्या सरळ रस्त्यावर तीसच्या स्पीडला घोटलं तेव्हा कुठे हात बसला.

आणि वळणात शिरल्यावर स्पीड जास्त वाटला तर? पुढचा आवळलात की पडलात. टायरची पकड एकच, ती वळण्यातच खर्च होत असते. आपल्या साध्या बाईकचं एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय, गाडी किती झुकलीय ते बघत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका, बऱ्याच दीडशे सीसीवाल्यांना तर ते पुढच्याच चाकाला असतं. नजर वळण संपतं तिथे, दरीकडे बघाल तर गाडी दरीकडेच जाणार. डावीकडे वळायचंय तर हँडलची डावी बाजू पुढे ढकला, उलटं वाटेल, पण गाडी डावीकडेच अजून झुकते, आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरीच जास्त झुकते.

उजव्या यू वळणावर वर येणारी एसटी तुमच्या बाजूला येणारच, तिला आतून वळायला जागाच पुरत नाही. हॉर्न ऐकू आला की अलीकडे थांबा, तसाही घाटात चढणाऱ्याचा हक्क आधी.

पावसाळ्यात कड्याचं पाणी रस्त्यावर झिरपतं तिथे शेवाळ धरतं, तो पट्टा स्पीड आधीच कमी करून सरळ पार करा, त्यावर ब्रेकला हात लावू नका.