१९७० ची शेव्हेल एसएस, १/२५ मध्ये: गावात बसून मॉडेल कसं बनवायचं

दारव्ह्याच्या अलीकडे आमचं गाव, कुरियरवाला तालुक्यापर्यंतच येतो, तिथून मॉडेलच्या सुट्या पार्टचा डबा बसमध्ये मांडीवर घेऊन आणावा लागतो, आणि हॉबीचं दुकान तर जवळपास नाहीच. तरी इथेच बसून मी गेल्या सहा वर्षांत सात मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाच्या अमेरिकन गाड्यांची मॉडेलं, बनवल्या, आणि दरवेळी पोट्टे विचारतात की दादा इंजिनात या वायरी कशा टाकल्या, रंग असा सपाट कसा बसला, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं.

उदाहरणाला शेव्हर्ले शेव्हेल एसएस ४५४ घेतो, १९७० ची. त्याच वर्षी जनरल मोटर्सने मधल्या साइजच्या गाड्यांवरची ४०० क्युबिक इंचाची इंजिनाची मर्यादा उठवली आणि शेव्हर्लेने लगेच ४५४ म्हणजे ७.४ लिटरचं इंजिन या गाडीत बसवलं, त्यातलं एलएस६ वालं तर ४५० हॉर्सपॉवरचं. अशी गाडी बनवायची आणि इंजिन नुसतं नारंगी रंगवून बोनेट बंद करायचं हे मला तरी पटत नाही.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, १/२५ म्हणजे सगळ्याला पंचवीसने भागायचं. खरी गाडी साधारण पाच मीटर लांब, मॉडेल झालं २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ११२ इंच, तो झाला ११४ मिलिमीटरच्या जवळपास. एवढं सगळेच करतात, डबा बनवणाऱ्या कंपनीने ते करूनच दिलेलं असते, पण तुम्ही जे वरून घालणार ते पण भागायचं असते हे बरेच जण विसरतात. स्पार्क प्लगची वायर ७-८ मिलिमीटर जाड, म्हणजे तुमची तार ०.३ ची पाहिजे. रेडिएटरचा होस ४० मिलिमीटरचा, म्हणजे १.६. आजकालच्या गाडीवर रंगाचा थर १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्याला भागलं तर ४ मायक्रॉन, तेवढा पातळ तर कोणाच्यानंच होणार नाही, पण म्हणूनच तुम्ही मारलेला प्रत्येक जादा हात मॉडेलवर गोधडी टाकल्यासारखा दिसते. मेटॅलिक रंगाचंही तेच, गाडीच्या टच-अप स्प्रेमधली चमकी या साइजला खड्यांसारखी दिसते, त्यामुळे पहिल्या मॉडेलला साधा सॉलिड रंगच घ्या.

डबा उघडला की सगळे पार्ट फ्रेमवरच असताना भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, साच्यातलं तेल लागलेलं असते, ते राहिलं तर रंग धरत नाही. शेवटचं पाणी मात्र बोअरचं नको, आमच्याकडच्या पाण्यात क्षार इतके की सुकल्यावर पांढरे ठिपके राहतात. मी पेट्रोल पंपावरून बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर आणतो, पुढे स्टिकर भिजवायलाही तेच. मग बॉडीवर साच्याची जी बारीक रेघ असते, शेव्हेलला ती फेंडरच्या, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या, वरून आणि छताच्या मागच्या खांबावर दिसते, ती ६०० च्या वॉटर पेपरने ओलं करून घासायची आणि मग १००० ने. नखाने चाचपून बघा, नखाला लागली नाही म्हणजे गेली.

आता रंग, आणि इथेच आपल्याकडचं हवामान आडवं येते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात, स्प्रे डब्यातून निघून बॉडीपर्यंत जाईपर्यंतच अर्धा सुकतो आणि हाताला रवाळ लागते. पावसाळ्यात लॅकर मारला की दमट हवेने पांढरी झाक येते. राहिले दिवाळीनंतरचे तीन महिने, हवा कोरडी, थंड, एकदम बरोबर, पण नेमका तेव्हाच कापूस घरात येतो. आमच्या घरी पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असते आणि हवेत सतत तंतू तरंगत असतात. कापसाचा तंतू २८-३० मिलिमीटर लांब, आता त्याला उलटं पंचवीसने गुणा, ओल्या क्लिअरवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, तो पडला म्हणजे खऱ्या गाडीच्या बोनेटवर पाऊण मीटरची दोरी चिकटली असं समजा. माझ्या तिसऱ्या गाडीला, निळ्या रंगाच्या, छतावर असाच एक तंतू बसला होता, मी चिमट्याने ओढायला गेलो तर रंगाची सालच निघाली. ओल्यात हात लावू नका. दोन दिवस सुकू द्या, मग २००० च्या पेपरने तेवढ्याच जागी घासा, तंतू निघून जातो.

आता मी न्हाणीघरात रंगवतो. पहाटे, कोणी उठायच्या आधी, फरशीवर आणि भिंतीवर पाणी मारून ठेवायचं म्हणजे तंतू आणि धूळ खाली बसते, खिडकी उघडी, तोंडाला चांगला मास्क, आणि बाजूला चूल, गिझर, दिवा काहीच पेटलेलं नको कारण थिनरची वाफ पेट घेते. थंडीत स्प्रेचा डबा दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा करा, उकळत्या नाही, कोमट, म्हणजे फवारा बारीक पडतो. पहिला हात नुसता धुक्यासारखा, प्लास्टिक दिसतच राहिलं पाहिजे, पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा थोडा ओला. प्रायमर, रंग, क्लिअर, तिन्हीला हाच हिशोब.

रंग कोणताही असो, आधी प्लास्टिकच्या चमच्यावर मारून बघा. मी एकदा गाड्यांच्या पेंटिंगवाल्याकडून उरलेला रंग आणला, त्यातला थिनर पॉलिस्टिरीनला, म्हणजे मॉडेलच्या प्लास्टिकला, चालतो की नाही हे पाहिलंच नाही, प्रायमरही नव्हता, आणि अर्ध्या तासात छताला अशा भेगा गेल्या की मे महिन्यातलं काळं वावर बरं. ती बॉडी गेली ती गेलीच.

एक काम मात्र रंगाच्या आधी करायचं. पुढच्या ग्रिलवर आणि फेंडरवर एसएस चे बारीक उठावदार बिल्ले असतात, त्यावर प्रायमर झाल्यावर बेअर मेटल फॉइलचा, म्हणजे मागून चिकट असलेल्या पातळ धातूच्या कागदाचा, छोटा तुकडा दाबून बसवा, कडा कापा आणि वरून बिनधास्त रंग मारा. रंग सुकला की थिनरमध्ये जेमतेम ओला केलेला कापसाचा बोळा सपाट काडीला गुंडाळून फक्त उठावावरून फिरवायचा, अक्षरांवरचा रंग निघतो आणि खालून चांदी उघडी पडते, बाजूचा रंग तसाच राहतो. एवढी सरळ अक्षरं ब्रशने निघत नाहीत.

आता इंजिन. ब्लॉक, हेड शेव्हर्लेच्या नारंगी रंगात. एलएस६ ला इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बोरेटरखालचा हवा आत नेणारा पार्ट, ॲल्युमिनियमचं, ते नारंगी करू नका. व्हॉल्व्ह कव्हर क्रोमचे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बिनरंगाचं बीड, गडद राखाडी मारा आणि वरून किंचित तपकिरी घासा, झालं.

वायरिंगसाठी बाहेरचं तयार पॅकेट मागवता येते, पण तालुक्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान असतेच, आपल्याकडे तर दर हंगामात विहिरीवरच्या मोटरी जळतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ३० नंबरची तार मागितली, ती ०.३१५ मिलिमीटरची असते, म्हणजे आपल्या हिशोबात बरोबर बसते. दुकानातले काका म्हणाले, "कायले पाहिजे बाप्पा एवढीशी तार, पंखा भरून रायला का?" मी म्हटलं नाही काका, गाडीची वायरिंग करतो. "कोनती गाडी?" मी खिशातून इंजिन काढून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, उजेडात नेऊन फिरवून फिरवून पाहिलं, आणि मग खालच्या डब्यातून दोन हात तार काढून दिली, "पैशे नको देऊ, पन झाल्यावर दाखवजो मले." जाड होससाठी त्यांच्याकडेच सबमर्सिबलची प्लास्टिक चढवलेली तार मिळते, १ मिलिमीटरवाली हीटरच्या होसला आणि त्याच्याहून जाड असेल ती रेडिएटरला. वाकवली की वाकलेलीच राहते, हे तिचं सगळ्यात मोठं सुख.

डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला पाळीपाळीने वीज वाटणारा पार्ट, शेव्हर्लेच्या व्ही८ ला म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाला मागे असतो, फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, लागून. डब्यातला डिस्ट्रिब्युटर भरीव असते, त्यात ०.३ चे नऊ भोकं पाडायला पिन व्हाइस, म्हणजे हाताने फिरवायचं बारीक ड्रिल, आणि बराच संयम लागतो, ड्रिल मोडतात. मी सोपं करतो, वायरवरची ३ मिलिमीटरची रिकामी स्लीव्ह घेतो, दोन-अडीच मिलिमीटर लांब तुकडा कापतो, त्यात नऊ तारा एकत्र घुसवतो, आठ बाजूने गोल आणि एक मधोमध, खालून इन्स्टंट ग्लूचा एक थेंब सोडून मूळ पार्टचं डोकं कापून त्यावर बसवतो. थेंब सोडायला बाभळीचा काटा, टोक इतकं बारीक की ग्लू पाहिजे तेवढाच येतो. आमचे आजोबा तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीचे डोळे याच काट्याने काढायचे, मी तिथूनच उचललं.

मग तारा कुठे न्यायच्या ते. सिलिंडरचे नंबर असे, ड्रायव्हरच्या बाजूला पुढून मागे १, ३, ५, ७ आणि दुसऱ्या बाजूला २, ४, ६, ८. लक्षात ठेवा गाडी अमेरिकेची आहे, ड्रायव्हर डावीकडे बसतो, मी पहिल्या गाडीत हेच उलटं केलं होतं आणि पूर्ण वायरिंग परत काढावी लागली. फायरिंग ऑर्डर, म्हणजे कोणत्या सिलिंडरला कधी ठिणगी पडते तो क्रम, १-८-४-३-६-५-७-२, आणि वरून पाहिलं तर डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून कोणतीही एक तार १ नंबरला न्या आणि तिथून घड्याळाच्या दिशेने पुढची ८ ला, त्याच्या पुढची ४ ला, असं करत या. मधली तार कॉइलला, म्हणजे ठिणगीसाठी वीज वाढवणाऱ्या पार्टला. प्रत्येक तार थोडी लांबच ठेवा, पेनाच्या रिफिलवरून वळण द्या म्हणजे रबराच्या वायरीसारखी सैल पडते, ताणून सरळ नेली की लगेच खोटी दिसते. रंग काळा, कंपनीतून काळ्याच यायच्या, लाल-पिवळ्या वायरी मालकांनी नंतर घातलेल्या. तांब्याची तार काळ्या परमनंट मार्करमधून दोनदा ओढली की काम होते. प्लगच्या टोकाला जे रबरी बूट असते त्यासाठी फेव्हिकॉलमध्ये काळा रंग कालवून काट्याने एकेक ठिपका द्यायचा, सुकल्यावर दुसरा. आठही ठिपके एका साइजचे आले की मी तरी ते इंजिन दिवसभर टेबलावर ठेवून येताजाता पाहतो.

आतलं काम लवकर होते. सीट सॅटिन काळ्या, चकचकीत नको. गालिच्याला काळी लोकर कात्रीने अगदी भुकटीसारखी कापायची, फ्लोअरला पातळ फेव्हिकॉल लावून चहाच्या गाळणीतून वरून पाडायची, सुकल्यावर उलटी करून झटकायची.

काच बसवताना इन्स्टंट ग्लू चुकूनही वापरू नका, त्याच्या वाफेने काचेवर पांढरा बुरा येतो आणि तो सहज निघत नाही. फेव्हिकॉलने बसवा, पांढरा दिसला तरी सुकून पारदर्शक होतो, आणि सांडला तर ओल्या फडक्याने निघतो.

पट्ट्यांचे स्टिकर पाण्यात जास्त वेळ ठेवू नका, वीस सेकंद, मग बाहेर काढून वाट पहा, स्वतःहून सरकू लागला की बोनेटवर घ्या. काउल इंडक्शनचं बोनेट असेल तर मागच्या कडेला, काचेजवळ जे तोंड असते त्याच्या आत मॅट काळा भरा, खऱ्या गाडीत जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर तिथली झडप उघडून काचेच्या पायथ्याची हवा कार्बोरेटरला जायची.

क्रोमच्या पट्ट्या, म्हणजे काचेभोवतीच्या आणि चाकांच्या कमानीच्या, सगळ्यात शेवटी फॉइलने. फॉइल पाहिजे त्याहून रुंद कापा, टूथपिकने मधून कडेकडे दाबत जा, सुरकुती पडली तर ओढून काढा आणि नवीन लावा. कापायला ब्लेड नवंकोरं, प्रत्येक काचेला नवं टोक, जुन्या टोकाने फॉइल कापत नाही, फाटते. ब्लेडला जोर देऊ नका, पट्टीच्या कडेची जी खाच आहे तीच ब्लेडला घेऊन जाते.

टायर एफ७०-१४, पांढऱ्या अक्षरांचे. रबराची चमक आणि मधली रेघ ४०० च्या पेपरवर टायर फिरवून घालवा. अक्षरांवर ब्रश जवळजवळ कोरडा करूनच फिरवा. आणि जुन्या डब्यातले मऊ व्हायनलचे टायर प्लास्टिकला लागून वर्षानुवर्षं ठेवू नका, त्यातलं तेल प्लास्टिक खाते, आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच.

चाकं लावताना गाडी आरशाच्या तुकड्यावर ठेवा आणि प्रत्येक टायरखाली कागदाची चिठ्ठी सरकवून बघा. एकाखालून सहज गेली आणि बाकी तिघांखाली अडकली तर ते चाक वर आहे, ग्लू ओला असतानाच दाबून घ्या आणि रात्रभर तशीच राहू द्या. बोनेट चिकटवू नका. टिनाच्या छपराखालच्या फळीवर पण ठेवू नका, मेमध्ये तिथे मॉडेलचं छत वाकते. माझी शेव्हेल खालच्या कपाटात, काचेच्या मागे आहे, आणि रिवाइंडिंगवाले काका पोळ्याच्या दिवशी येऊन बोनेट उघडून बघून गेले.