एक्सपोर्ट केल्यावर रेघ धूसर का येते? या चुका टाळा

गणेशोत्सव जवळ आला की मुंबईत एकाच फाइलमधून मंडळाचा फ्लेक्सही निघतो आणि इन्स्टाग्रामची १०८० बाय १०८० पोस्टही. फ्लेक्स झकास येतो. पोस्टमध्ये मात्र चौकटीची बारीक रेघ धुरकट आणि अक्षरांची शिरोरेखा राखाडी दिसते. मग कोणी डीपीआय (एका इंचातले ठिपके) वाढवतं, कोणी शार्पनिंग मारतं. दोन्ही वाया, कारण दोष बहुतेक वेळा अपूर्णांकात असतो.

एका पिक्सेलला एकच रंग असतो. १ पिक्सेल जाडीची काळी उभी रेघ २०.५ वर सुरू झाली, तर ती दोन रकान्यांत अर्धी-अर्धी पडते. सॉफ्टवेअर दोन्ही रकाने निम्मे काळे करतं आणि काळी रेघ दुप्पट जाड, राखाडी होते.

X (डावीकडून मोजलेली जागा) पूर्णांक आहे म्हणून निर्धास्त राहणं

इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्ट्रोक, म्हणजे दिसणारी रेघ, पाथच्या, म्हणजे आकाराच्या मूळ रेषेच्या, मधोमध बसतो. पाथ बरोबर २० वर असला, तरी १ पिक्सेलचा स्ट्रोक १९.५ ते २०.५ जागा घेतो आणि पुन्हा तेच रडगाणं. बंद आकाराला स्ट्रोक पॅनलमधून ‘अलाइन स्ट्रोक टू इनसाइड’ द्या. सुट्या रेघेला ती सोय नाही. तिचा पाथ मुद्दाम .५ वर ठेवा. २ पिक्सेलच्या स्ट्रोकला हा त्रास नाही, तो पूर्णांकावरच ठेवायचा.

जागेचे आकडे दाखवणारं ट्रान्सफॉर्म पॅनल वाचताना त्यातला रेफरन्स पॉइंट, म्हणजे आकाराचा ज्या बिंदूचा X-Y दिसतो तो, आधी डावीकडे वरच्या कोपऱ्यात न्या. तो मध्यावर असेल, तर १५ पिक्सेल रुंदीचा अगदी नीट बसलेला चौकोनही .५ दाखवतो आणि आपण बरा असलेला आकार बिघडवून बसतो. मग ‘ऑब्जेक्ट’ मेनूतलं ‘मेक पिक्सेल परफेक्ट’ चालवा आणि ऑल्ट-कंट्रोल-वाय दाबून पिक्सेल प्रिव्ह्यूत खात्री करा.

१०८० ऐवजी १०८१

एक्सपोर्ट केलेली फाइल एक पिक्सेल मोठी आली, तर आर्टबोर्डचाच, म्हणजे चित्राच्या पानाचाच, X किंवा Y दशांशात आहे. शिफ्ट-ओ दाबा, X, Y, रुंदी, उंची चारही आकडे पूर्ण करा. आर्टबोर्ड हलला की आतले आकार पुन्हा तपासावे लागतात, म्हणून हे काम सुरुवातीलाच उरकलेलं बरं.

मनाला येईल त्या टक्क्याने रिसाइझ

२४ पिक्सेलच्या आयकॉनमधली १ पिक्सेलची रेघ ३६ ला नेली की १.५ होते, ती स्वच्छ दिसणं शक्यच नाही. ४८ किंवा ७२ ला नेली तर अडचण नाही. अँड्रॉइडसाठी १.५ पट लागणारच असेल, तर मूळ रेघ २ पिक्सेलची काढा, ती ३ होईल. स्क्रीनसाठी ३०० पीपीआयवर (एका इंचात ३०० पिक्सेल) एक्सपोर्ट करणं हाही याच जातीचा घोळ: ३०० भागिले ७२ म्हणजे ४.१६६ पट, म्हणजे नीट बसवलेली प्रत्येक कड पुन्हा दशांशात. ‘एक्सपोर्ट फॉर स्क्रीन्स’मधून १, २ किंवा ३ पट घ्या.

शिरोरेखेत बारीक फटी

देवनागरी मजकूर आउटलाइन केला, म्हणजे अक्षरांचे आकार केले, की प्रत्येक अक्षराचा तुकडा सुटा होतो. दोन तुकडे अर्ध्या पिक्सेलवर भिडले, तर पहिला निम्मी पार्श्वभूमी झाकतो, दुसरा उरलेल्याच्या निम्मी. पाव भाग उघडा राहतो आणि लाल पट्टीवरच्या पांढऱ्या अक्षरांत लाल रेघ डोकावते. पाथफाइंडरमधून शब्द ‘युनाइट’ करा. मजकूर फोटोशॉपात असेल, तर तो कंट्रोल-टी ने ताणू नका, फॉन्टचा आकडा बदला.

फोटोशॉपमध्ये आणखी एक: रुंदी सम आणि उंची विषम असलेला लेयर मध्यबिंदूभोवती ९० अंशात फिरवला, तर तो अर्धा पिक्सेल सरकू शकतो. रेफरन्स पॉइंट कोपऱ्यात ठेवून फिरवा.

तपासताना झूम १०० टक्के हवा. विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्प्ले स्केलिंग १२५ टक्के असतं, तिथे ब्राउझरमध्ये चांगली फाइलही धूसर दिसते. आणि क्लायंटला पीएनजी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर ती वाटेत दाबली जाते आणि दोष तुमच्या एक्सपोर्टवर येतो.