प्लाझ्मा मारलेलं पाणी लॅबमध्ये कसं करायचं आणि कसं तपासायचं

हाय व्होल्टेजने हवेचा प्लाझ्मा करून त्याखाली पाणी ठेवलं की ते आंबट होतं आणि बॅक्टेरिया मारतं, तेच हे पाणी. यासाठी प्रोजेक्टवाली पोरं आधी ट्रान्सफॉर्मर शोधत बसतात, पण माझं ऐकाल तर आधी पाण्याचं बघा. सोलापुरात नळाला काही दिवसांआड येणारं उजनीचं पाणी असो नाहीतर बोअरचं, दोन्ही या कामाला नको, कारण त्यातलं बायकार्बोनेट तयार होणारं ॲसिड खाऊन टाकतं आणि पीएच खाली येतच नाही. आरओच्या पाण्यातसुद्धा थोडे क्षार राहतात. सरळ डबल डिस्टिल्ड, म्हणजे दोनदा वाफ करून थंड केलेलं पाणी घ्या.

आता होतं काय, की पाण्याच्या वर हवेत हाय व्होल्टेज दिलं की हवा आयनाइज होते, म्हणजे तिच्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात, तोच प्लाझ्मा, त्यात नायट्रोजन आणि ऑक्सिजन तुटून नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात, ते पाण्यात विरघळले की नायट्राइट, नायट्रेट आणि ॲसिड, शिवाय पाण्याच्या वाफेतून हायड्रोजन पेरॉक्साइड. पीएच 3 च्या आसपास येतो. नायट्राइट आणि पेरॉक्साइड ॲसिडमध्ये भेटले की पेरॉक्सिनायट्रस ॲसिड बनतं, ते फार तर सेकंदभर टिकतं पण बॅक्टेरियाला मारण्यात त्याचा मोठा हात आहे.

सेटअप साधा आहे. काचेच्या पेट्री डिशमध्ये 10-20 मिली पाणी, डिशखाली अर्थ केलेली धातूची प्लेट, वर काचेने झाकलेला इलेक्ट्रोड, मध्ये दोन-तीन मिमी हवा. हवा फुटायला मिमीला साधारण 3 किलोव्होल्ट लागतात, आणि काचेतही व्होल्टेज वाटलं जातं, म्हणून सप्लाय त्याहून बराच जास्त हवा. मधल्या काचेमुळे ठिणगी एका जागी पेटत नाही, जांभळट उजेड पसरतो. सप्लाय फिजिक्स डिपार्टमेंटचाच घ्या, करंट लिमिट असलेला. मायक्रोवेव्हचा जुना ट्रान्सफॉर्मर कुणी आणून दिला तर हात जोडून परत करा, त्याने माणसं मेलीत. एकट्याने चालू करायचं नाही, आणि फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटातच करायचं, कारण ओझोन छातीत बसतो. झेरॉक्सच्या दुकानातला तो वास आला म्हणजे हूड नीट ओढत नाहीये.

5, 10, 15 मिनिटं असे वेगवेगळे सॅम्पल करा आणि प्रत्येक वेळी पाण्याचं तापमान लिहा. मे महिन्यात इथे लॅबच तापलेली असते, आणि हवेतला दमटपणा बदलला की ओझोन आणि नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाणही बदलतं, त्यामुळे जानेवारीचे आकडे मेच्या आकड्यांशेजारी डोळे झाकून ठेवू नका.

मोजायचं लगेच, चहा पिऊन आल्यावर नाही. पीएच मीटर, नायट्राइटला ग्रीस रिएजंट (रंग देणारं रसायन; गुलाबी रंग, 540 नॅनोमीटरला मोजायचा), पेरॉक्साइडला टायटॅनियम ऑक्सिसल्फेट (पिवळा, 407 च्या आसपास). पण नायट्राइट आणि पेरॉक्साइड एकमेकांना खातात, म्हणून पेरॉक्साइडच्या सॅम्पलमध्ये आधी सोडियम अझाइड टाकून नायट्राइट काढतात, ते जहाल विष आहे आणि ॲसिडमध्ये त्याचा विषारी वायू सुटतो, सर समोर असल्याशिवाय बाटली उघडायची नाही.

आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी प्लाझ्मा न दिलेले सॅम्पल! इथेच निम्मे प्रोजेक्ट ढिले पडतात. ई. कोलाय (चाचणीला वापरतात तो बॅक्टेरिया) मेली म्हणून प्लाझ्माला श्रेय द्यायच्या आधी नुसत्या नायट्रिक ॲसिडने तोच पीएच केलेलं पाणी, आणि मोजून तेवढंच नायट्राइट-पेरॉक्साइड घातलेलं पाणी, दोन्ही शेजारी लावा. कल्चरचं काम मायक्रोबायोलॉजीवाल्यांबरोबर करा, प्लेटा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय टाकू नका.

"मग हे शुगरवाल्याच्या पायाच्या जखमेवर लावू का?" असं हमखास कुणीतरी विचारतं. नाही ओ. जखम धुणं, कॅथेटर निर्जंतुक करणं यावर संशोधन चालू आहे, जपानच्या नागोया विद्यापीठात तर रिंगर लॅक्टेटला (सलाइनसारखं शिरेतून द्यायचं द्रावण) प्लाझ्मा देऊन कॅन्सरच्या पेशींवर काम झालंय, आपल्याकडे गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था या विषयात आहे. पण तुमच्या डिशमधलं पाणी स्टराइल नाही, त्याचा डोस ठरलेला नाही, प्यायचं नाही की लावायचं नाही.

ठेवायचंच असेल तर उणे 80 च्या डीप फ्रीझरमध्ये, घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात नायट्राइट उडतंच. तशी सोय नसेल तर त्याच दिवशी वापरा आणि उरलेलं फेकून द्या.