विमा नाही आणि घोटा सुजलाय: आधी काय बघायचं, पैसा कुठे घालायचा

जिना संपला असं समजून मी पाऊल टाकलं, आणि अजून एक पायरी बाकी होती. उजवा पाय आतल्या बाजूला दुमडला, कट्‌कन आवाज आला आणि मी तिथेच बसले. खरं सांगते, पहिल्यांदा डोक्यात पाय आला नाही, बिल आलं. मी शिवणकाम करते, पायडलच्या मशीनवर. पाय बंद म्हणजे कमाई बंद. विम्याचा हप्ता झेपेना म्हणून दोन वर्षांपूर्वीच सोडून दिला होता.

मी डॉक्टर नाही. पण त्या सात आठवड्यांत डॉक्टरांना, नर्सना आणि फिजिओथेरपिस्टला विचारून विचारून जे पदरात पडलं, ते लिहून ठेवते. विमा नसलेला माणूस दोन प्रकारे फसतो. बिलाच्या धास्तीने जिथे जायलाच हवं तिथे जात नाही, आणि शेवटी घाबरून गेला की समोरचा म्हणेल त्याला मान डोलावतो. मी दोन्ही करून बसले.

पैशाचा विचार अजिबात करायचा नाही, अशा गोष्टी आधी सांगते. हाड वाकडं दिसतंय किंवा कातडीतून बाहेर आलंय. पाऊल गार पडलंय, पांढरं किंवा निळं दिसतंय, बधिर झालंय. पोटरी दगडासारखी घट्ट झालीय, दुखणं तासातासाला वाढतंय आणि दुसऱ्याने बोटं हलवली तरी जीव जातोय. यातलं एकही असेल तर लगेच, त्याच तासाला जायचं. शेवटच्या प्रकारात स्नायूंच्या आत दाब वाढून रक्तपुरवठा बंद पडतो आणि काही तासांत पाय कायमचा अधू होऊ शकतो. कंबरेला मार लागला असेल आणि दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर वाटत असेल किंवा लघवी होत नसेल, तरी तसंच. डोक्याला लागल्यावर पुन्हा पुन्हा उलटी, न थांबणारी डोकेदुखी किंवा गुंगी येत असेल, तरी तसंच. कर्ज फेडता येतं, ही वेळ परत येत नाही.

आता उरलेल्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी. घोट्याचा एक्स-रे लागेल की नाही, हे ठरवायची एक साधी रीत आहे. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी ती १९९२ मध्ये मांडली आणि आज जगभरातल्या तातडीच्या विभागांत ती वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाडाची गोटी वर आलेली असते ना, तिचं टोक दाबून बघायचं. मग तिच्या मागच्या कडेने बोट दाबत सहा सेंटीमीटर वर जायचं. त्यानंतर पावलाच्या बाहेरच्या कडेला साधारण मध्यावर जो हाडाचा उंचवटा लागतो तो, आणि आतल्या बाजूला घोट्याच्या किंचित पुढे असतो तो. यातल्या कुठल्याही हाडावर दाबल्यावर कळ आली तर एक्स-रे काढायचा. शिवाय, पाय मुरगळला त्या क्षणी आणि आत्ताही, दोन्ही वेळा चार पावलं टाकता आली नसतील तरी काढायचा. लंगडत टाकलेली पावलं चालतात. कुठेच कळ नाही आणि चार पावलं पडली, तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच थोडी. लहान मुलं, मधुमेहाने पायाची संवेदना गेलेले लोक आणि दारूच्या अमलाखाली असलेला माणूस यांच्यावर मात्र ही चाचणी भरवशाची नाही.

मांस दुखणं आणि हाड दुखणं यात फरक असतो. मांसावर दाबलं की ठणकतं. हाडावर दाबलं की आपोआप तोंडातून आवाज निघतो. माझा बाहेरच्या गोटीच्या टोकावर निघाला. म्हणजे मला त्याच दिवशी जायला हवं होतं. तेव्हा ही रीत मला ठाऊक नव्हती, आणि ठाऊक असती तरी गेले असते असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

मी काय केलं? गरम पाण्याने शेकलं आणि तेल लावून चांगलं चोळलं. गळ्यात टेप असतोच, म्हणून घोट्याचं माप घेतलं होतं. डावा पावणेदहा इंच. उजवा पडल्यावर साडेदहा. शेकून-चोळून झाल्यावर रात्री सव्वाअकरा! पहिले दोन-तीन दिवस आत रक्त झिरपत असतं. शेकलं आणि चोळलं की ते वाढतं. तेव्हा हे दोन्ही टाळा, आणि दारूही टाळा.

त्याऐवजी बर्फ. कापडात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. थेट कातडीवर ठेवला तर कातडी भाजल्यासारखी होते. बर्फाने जखम लवकर भरते असं समजू नका. त्याने दुखणं मात्र कमी होतं, आणि रात्री झोप लागणं हेही काही थोडं नाही. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून वर न्यायचं, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत. बोटं निळसर दिसली किंवा मुंग्या आल्या तर सैल करायचं. पाय छातीपेक्षा वर राहायला हवा. मी गादीच्या पायथ्याखाली न विकलेल्या कापडाचे गठ्ठे सारले. उशी रात्रीतून सरकते, गठ्ठा सरकत नाही.

गोळ्यांबद्दल नीट वाचा, कारण इथे स्वस्तातली चूक महागात पडते. पॅरासिटामॉल निरोगी प्रौढ माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर नको, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, आणि दोन डोसांत किमान चार तास. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू घेत असाल, तर मर्यादा त्याहून खाली येते आणि ती डॉक्टरांना विचारायची. सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. मला त्याच आठवड्यात सर्दी झाली होती आणि मी दोन्ही गोळ्या घेत होते. दुकानातल्या मुलाने दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून बारीक अक्षरावर बोट ठेवलं, तेव्हा कळलं. आयबुप्रोफेन डॉक्टरला न विचारता दिवसाला १२०० मिलिग्रॅमपर्यंतच, काही तरी खाऊन, आणि थोडेच दिवस. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार, रक्त पातळ करायची गोळी, गरोदरपण, किंवा अशा गोळीने दमा उसळण्याचा अनुभव यांपैकी काही असेल तर विचारल्याशिवाय एकही नाही. एका वेळी या जातीचं एकच औषध. आयबुप्रोफेनवर त्याच जातीची डायक्लोफेनॅक चढवायची नाही.

माझ्या मते सगळ्यात कमी वापरली जाणारी चांगली वस्तू म्हणजे डायक्लोफेनॅकचं साधं जेल. मुरगळणं, लचक, मुका मार यांसाठी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या दोन मोठ्या संघटनांनी २०२० मध्ये जी शिफारस केली, तिच्यात पहिला मान गोळीला नाही, असल्या जेलला दिलाय. पोटाला त्रास फार कमी. जखम उघडी असेल तर लावायचं नाही, आणि रगडायचं नाही, नुसतं पसरायचं. औषध मागताना कंपनीचं नाव सांगू नका, औषधाचं मूळ नाव सांगा. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत; भारी खोक्यातलं आणि साध्या पाकिटातलं औषध एकच असतं.

दवाखान्यात तोंड उघडायचं

तिसऱ्या दिवशी मी एका खाजगी दवाखान्यात गेले. एक्स-रेच्या आधीच एमआरआयची चिठ्ठी आणि 'दोन दिवस ॲडमिट राहा' असं सांगणं. मी नुसती बसून होते. मग धीर करून विचारलं, "डॉक्टर, एमआरआयमध्ये काहीही निघालं तरी पुढच्या आठवड्यात तुम्ही वेगळं काय करणार?" ते क्षणभर थांबले. म्हणाले, "पट्टी, आराम, व्यायाम. सहा आठवड्यांनी बरं नाही वाटलं तर बघू." म्हणजे तीच चिठ्ठी सहा आठवड्यांनी काढता येत होती. हा प्रश्न मी आता घरातल्या प्रत्येकाला पाठ करायला लावलाय: या तपासणीने उपचार बदलणार आहे का? चांगला डॉक्टर याने रागावत नाही. बदलणार असेल तर तो कसा ते सांगतो, आणि मग पैसे घालायचे.

आपल्याकडे विमा नाही आणि खिशातून भरणार आहोत, हे काउंटरवर पहिल्या वाक्यात सांगा. लाजून शेवटी सांगितलं की फार उशीर झालेला असतो. एकूण अंदाज आधी मागा, लेखी. रोख भरणाऱ्याला सवलत आहे का, हप्ते करून मिळतात का, हे कार्डाने किंवा व्याजाने पैसे उचलायच्या आधी विचारा. रुग्णालयाचा हप्ता बहुतेक वेळा सावकारापेक्षा बरा पडतो. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवकाची खिडकी असते, तिथे आपणहून जावं लागतं. शेवटी मी एक्स-रे काढला तो वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. रांगेत अख्खी सकाळ गेली, पण तीन शिकाऊ डॉक्टरांनी आणि त्यांच्या सरांनी पाय दाबून बघितला, एवढ्या हातांनी खाजगीत कुणी बघितला नसता. हाड शाबूत होतं, बाहेरचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, अर्धवट फाटलं होतं.

बिल एकगठ्ठा घेऊ नका, वस्तूवार मागा. त्या खाजगी दवाखान्याच्या बिलात माझ्या नावावर दोन क्रेप बँडेज होती आणि पायाला एकच होतं. दाखवल्यावर काहीही न बोलता एक खोडलं. एक्स-रेची फिल्म आणि केसपेपर किंवा त्यांच्या प्रती मागून घ्या; त्या घरी आणा आणि उजेडात धरून फोनवर फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढचा डॉक्टर तोच एक्स-रे पुन्हा काढायला लावणार नाही.

दुखापत कामावर झाली असेल किंवा दुसऱ्याच्या गाडीने, तर आपला विमा नसला तरी मालकाकडून किंवा त्या गाडीच्या विम्यातून खर्च मिळू शकतो. त्यासाठी त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं हे लिहून ठेवायचं, कळवायचं आणि डॉक्टरांच्या कागदावर कारण लिहून घ्यायचं. माझ्या बाबतीत जिना माझा आणि घाईही माझी, तेव्हा तो रस्ता बंद.

हात टेकून पडलेल्यांना एक सांगायचं राहिलं. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी मनगटावर जो खळगा पडतो, तिथे दुखत असेल तर पहिल्या एक्स-रेत 'काही नाही' आलं तरी निर्धास्त राहू नका. तिथल्या छोट्या हाडाची चीर सुरुवातीला बऱ्याचदा दिसत नाही. मनगटाला आधार बांधून दहा-चौदा दिवसांनी परत दाखवायचं. ते हाड जुळलं नाही तर पुढचा खर्च कितीतरी मोठा.

कुबड्या विकत घेऊ नका, मागा. कुणाच्या तरी माळ्यावर पडलेल्या असतातच. बगलेखाली दोन-तीन बोटं जागा राहील अशी उंची ठेवायची, मूठ मनगटाच्या रेषेला, आणि भार हातांवर. बगलेवर लटकलं तर तिथली नस दबून हाताला मुंग्या येतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पुढे नुसती काठी वापराल तेव्हा ती दुखऱ्या पायाच्या उलट हातात. पहिले चार दिवस मी जिना बसूनच उतरले, एकेक पायरी. शोभा गेली, पाय वाचला.

आणि एवढं मात्र कराच: फिजिओथेरपिस्टकडे दहा वेळा जायला पैसे नसतील तर दोनदा जा. पहिल्यांदा व्यायाम शिकायला, दुसऱ्यांदा चुका काढून घ्यायला. आपण करत असताना फोनवर चित्रण करून घ्या. घोटा आरामाने बरा होतो हे अर्धंच खरं आहे. सूज उतरली म्हणून व्यायाम सोडणाऱ्यांचा तोच पाय पुन्हा मुरगळतो, आणि मग पुन्हा खर्च.

मला पहिला व्यायाम दिला तो अंगठ्याने हवेत अक्षरं काढायचा. गुडघा स्थिर, फक्त पाऊल हलवायचं. मी मुळाक्षरं घेतली. 'ग' आणि 'र' पहिल्याच दिवशी जमले. 'ळ'च्या वळणाला घाम फुटायचा आणि 'ज्ञ' तर दहाव्या दिवसापर्यंत अर्धाच निघायचा. मग भिंतीला धरून टाचा उचलणं. मग दुखऱ्या पायावर एकटं उभं राहणं, आधी दहा सेकंद, मग तीस, मग डोळे मिटून. हे मी दात घासताना करते, वेगळा वेळ काढावा लागत नाही. व्यायामानंतर दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर कालचा डोस जास्त झाला. निम्मा करायचा, बंद करायचा नाही. आणि बसून राहण्याच्या दिवसांत एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टर. श्वास लागला तर लगेच.

तिसऱ्या आठवड्यात मी फिजिओथेरपिस्टला मशीनचा फोटो दाखवून भीतभीत विचारलं. ती हसली. म्हणाली, "पायडल म्हणजे घोट्याचा व्यायामच आहे की, आणि बसून आहे. सुई काढून ठेवा, पट्टा उतरवा, रिकामं चालवा. पाच मिनिटं." मग दोन आठवडे मी रिकामी मशीन चालवत होते. खालची बाई विचारायला आली, एवढं काय शिवतेस, म्हणून. पट्टा चढवल्यावर आधी सरळ शिवण घेतली, मग गोल गळे, कारण गळ्याला पायडल मधेच थांबवावं लागतं आणि थांबवतानाच कळ यायची. गिऱ्हाइकांना कपडे कधी मिळतील ते मी आठ दिवस वाढवूनच सांगत होते. एकीनेही काम काढून नेलं नाही.

उजवा घोटा पावणेदहावर यायला सात आठवडे लागले. अजूनही एखाद्या संध्याकाळी तो दहा भरतो. त्या दिवशी मशीनवर झाकण घालते आणि पाय गठ्ठ्यावर.